उमेदवार : एका शब्दाचा वऱ्हाडातील प्रवास

नोकरदार माणूस मराठी कथा-कादंबऱ्यांत पानोपानी भेटतो. कारकून, मास्तर, तलाठी, बँकेतला कॅशिअर यांची मने आपल्या लेखकांनी पुष्कळ उकलून पाहिली आहेत. नोकरी मागणाऱ्या माणसाकडे मात्र तितके लक्ष गेलेले नाही. अर्ज कसा लिहावा, अनोळखी माणसासमोर स्वतःचे मोल स्वतःच्या तोंडाने कसे सांगावे, न येणाऱ्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, हा सारा भाषेचाच व्यवहार आहे. तरीही साहित्याच्या अभ्यासकांनी तो 'व्यवहारोपयोगी' म्हणून बाजूस ठेवला आणि 'व्यक्तिमत्त्व विकासा'च्या क्लासवाल्यांच्या हाती जाऊ दिला. प्रस्तुत लेखात आम्ही या व्यवहाराचा इतिहास एका लहानशा प्रदेशापुरता पाहणार आहोत. प्रदेश वऱ्हाडचा, त्यातही तिवसा तालुक्याच्या आसपासचा. आणि उमेदवार आजच्या काळातला, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणारा.

तिवसा हे अमरावती जिल्ह्यातले, नागपूर-अमरावती महामार्गावरचे तालुक्याचे गाव. कापूस, तूर, सोयाबीन ही भोवतालची पिके. तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी याच तालुक्यात, आणि रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे वर्धाकाठचे कौंडिण्यपूरही याच तालुक्यात. इथला मुलगा किंवा मुलगी अमरावतीस नाहीतर बडनेऱ्यास अभियांत्रिकीला जाते आणि पदवी हाती पडली की रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्यास निघते. या प्रवासात त्यांना एक गोष्ट वारंवार ऐकवली जाते : तुमचे 'टेक्निकल' ठीक आहे, 'सॉफ्ट स्किल्स' कमी पडतात. हे वाक्य कोठून आले आणि त्यात नेमके काय मागितले जाते, हा आमचा प्रश्न आहे. आमचे म्हणणे आरंभीच सांगतो. लोकांशी वागण्याचे कौशल्य या नावाखाली दोन निराळ्या गोष्टी एकत्र मागितल्या गेल्या. एक, कामाला खरोखर लागणारी : ऐकणे, विचारणे, नेमके लिहिणे, जमणार नसेल ते वेळेवर सांगणे. दुसरी, एका वर्गाची खूण : उच्चार, सफाई, बसण्या-बोलण्यातला सराईतपणा. वऱ्हाडच्या उमेदवाराची परीक्षा बहुतेकदा दुसरीत झाली, आणि निकाल मात्र पहिलीचा म्हणून त्याच्या हाती दिला गेला.

'उमेदवार' हा शब्दच आधी पाहावा. तो फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा. आशा धरून असलेला तो उमेदवार. एकोणिसाव्या शतकातील कचेरीत उमेदवार म्हणजे पगाराविना काम करीत जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा मनुष्य. तो रोज हजर राही, नकला उतरवी, हिशेब जुळवी, वरिष्ठ कारकुनाची मर्जी राखी, आणि कधीतरी कोणी निवृत्त झाला वा वारला म्हणजे त्याची आशा फळास येई. 'उमेदवारी करणे' हा वाक्प्रचार आपल्याकडे कष्टाच्या, बिनमोबदल्याच्या शिकण्याला लावला जातो तो यामुळेच. आजच्या इंटर्नशिपचे हे पूर्वरूप म्हणावयास हरकत नाही.

नोकरी मागण्याची आपली बहुतेक शब्दसंपत्ती अशीच दरबारातून आलेली आहे. अर्ज, शिफारस, वशिला, हुद्दा, मुलाखत हे सारे अरबी-फारसी. नोकर हा शब्दही फारसीच्या वाटेने आलेला. पगार तेवढा पोर्तुगिजांकडून. पेरणे, निंदणे, वेचणे यांसाठी घरचे शब्द, आणि मागण्यासाठी मात्र राजसत्तेचे. यात नवल नाही. जिच्याकडे मागावयाचे तिच्या भाषेत मागावे लागते. 'मुलाखत' या शब्दाचा मूळ अर्थ केवळ भेट, परस्परांना भेटणे. हा अर्थ पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

क्रियापदे तर अधिक बोलकी आहेत. मराठीत नोकरी 'लागते'. पाऊस लागतो, तहान लागते, नजर लागते, तशीच नोकरी लागते. कर्ता तो मनुष्य नव्हेच. वऱ्हाडात आजही चौकशी होते ती 'पोरगा लागला का?' अशी. या वाक्यरचनेत उमेदवाराच्या कर्तृत्वाला जागा नाही, पण त्याच्या अपमानालाही नाही. नाही लागली तर नाही लागली. याउलट गेल्या पंचवीस वर्षांत तरुणांच्या तोंडी आलेले 'इंटरव्ह्यू क्रॅक केला' हे वाक्य सारा भार कर्त्यावर टाकते. यश त्याचे, म्हणून अपयशही त्याचेच. ज्याला नोकरी मिळाली नाही त्याच्या 'पर्सनॅलिटी'त काहीतरी उणे आहे, असा निष्कर्ष या व्याकरणातून आपोआप निघतो.

आता वऱ्हाडच्या इतिहासाकडे वळू. नोकरीसाठी वऱ्हाडातून बाहेर जाणे ही अलीकडची गोष्ट आहे. आधी लोक नोकरीसाठी वऱ्हाडात येत. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या कारभाराखाली दिले. कापसाचा मुलूख, नव्या कचेऱ्या, नव्या शाळा, रेल्वे. शिकलेली माणसे स्थानिक पातळीवर थोडी. तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातून सुशिक्षित मंडळी इकडे आली. शेक्सपिअरच्या 'सिंबेलाइन'चे 'तारा' या नावाने मराठी रूपांतर करणारे आणि १९०७ च्या पुण्यातील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे विष्णु मोरेश्वर महाजनी हे वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात नोकरी करून अकोल्यास स्थिरावले. अशा लोकांनी वऱ्हाडला शाळा दिल्या, ग्रंथालये दिली. त्याबरोबर कचेरीची आणि वर्गाची मराठी पुण्याची असते, घरची आणि बांधावरची मराठी निराळी, ही वाटणीही रुजली. वऱ्हाडी मुलाने 'मले' घरी ठेवून 'मला' शाळेत नेण्याचा सराव तेव्हापासून केला आहे. इंग्रजीच्या आधीची ही पहिली मुलाखत, आणि तिची नोंद कोठे होत नाही.

शेतकऱ्याच्या मुलाने कचेरीत जावे, हा विचार वऱ्हाडात ज्यांनी संस्थेच्या रूपाने उभा केला त्यांत डॉ. पंजाबराव देशमुख अग्रणी. पापळसारख्या खेड्यात १८९८ साली जन्मलेला हा मनुष्य एडिंबरा व ऑक्सफर्ड येथे शिकला, वैदिक वाङ्मयातील धर्मविचारावर त्याने प्रबंध लिहिला आणि परत येऊन १९३२ साली अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांनी वसतिगृहांवर भर दिला, हे आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. निरनिराळ्या गावांची, निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली राहतात, एका पंगतीत जेवतात, भांडतात आणि समेट करतात. लोकांशी वागणे शिकण्याची याहून चांगली शाळा आम्हांस ठाऊक नाही. तिला त्या काळी कोणी 'टीमवर्क' म्हटले नाही, इतकेच.

स्वातंत्र्यानंतर नोकरी हा विदर्भात राजकीय प्रश्न झाला. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात शासकीय नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे आश्वासन होते. १९८४ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्रादेशिक असमतोलाचे मोजमाप मांडले, आणि 'अनुशेष' हा मूळचा संस्कृत, फारसा न वापरला जाणारा शब्द वऱ्हाडच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला. नोकरी करारानुसार यावयाची, ती आली नाही, म्हणून वाट पाहावयाची : जुना उमेदवार पुन्हा उभा राहिला. त्याच्या खिशात आता एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे कार्ड होते. रिक्त जागा या कार्यालयांना कळवणे बंधनकारक करणारा कायदा १९५९ चा. तालुक्याच्या गावी टायपिंगचे क्लास निघाले. मिनिटाला चाळीस शब्द, ही तेव्हाची पात्रता. तिचा एक गुण लक्षात घेण्याजोगा आहे. टायपिंगच्या परीक्षेत कोण कोठला, घरी काय बोलतो, वडील काय करतात, याचा काही संबंध नव्हता. शब्द मोजले जात आणि चुका मोजल्या जात.

१९८३ हे वर्ष वऱ्हाडच्या शिक्षणाच्या इतिहासात वळणाचे. त्याच वर्षी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि बडनेरा व शेगाव येथे महाविद्यालये उभी राहिली. तोवर अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, १९६४ चे, हेच काय ते जवळचे दार होते. पुढील दोन दशकांत दारे वाढली. मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला, आणि वऱ्हाडी मुलासमोर त्याच्याच बोलीत वाढलेल्या माणसाचे उदाहरण आले. फी मात्र कापसाने भरावयाची होती. कापसाचे अर्थकारण तर त्याच काळात ढासळत होते. २००६ साली पंतप्रधानांना ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर करावे लागले त्यांत अमरावती आणि अकोला होतेच. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण वऱ्हाडने उलटी वाचावयास सुरुवात केली ती हौसेने नव्हे. म्हणून या मुलांच्या मुलाखतीचा निकाल हा एकट्या मुलाचा निकाल नसतो. दोन-चार एकरांचा सातबारा त्यात गुंतलेला असतो.

या मुलांपुढे जी परीक्षा आली तिचा जन्म दूर अमेरिकेत झाला होता, आणि तो इतिहास विलक्षण उलटापालटीचा आहे. १९५० च्या दशकात प्रोग्रामर म्हणून कोणास घ्यावे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. आयबीएमने १९५५ साली एक अभियोग्यता चाचणी काढली : आकृत्यांचे क्रम, अंकगणिताची कोडी, तर्क. १९६६ साली डॅलिस पेरी आणि विल्यम कॅनन या मानसशास्त्रज्ञांनी हजाराहून अधिक प्रोग्रामरांच्या आवडीनिवडी तपासल्या आणि निष्कर्ष काढला की, या लोकांना कोडी आवडतात आणि माणसांत फारसा रस नसतो. नोकरीला असलेल्यांचे हे वर्णन पुढे नोकरीला घेण्याचा निकष बनले. माणूसघाणा, एकलकोंडा, विक्षिप्त प्रोग्रामर ही प्रतिमा निसर्गदत्त नाही. ती भरतीच्या प्रक्रियेने घडवलेली आहे. ज्यांना माणसे आवडत नाहीत त्यांना वेचून घ्यावयाचे आणि मग म्हणावयाचे की, या धंद्यातल्या लोकांना माणसे आवडत नाहीत!

पहिली शंका धंद्याच्या आतूनच आली. जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ साली प्रोग्रामिंगच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिले. प्रोग्रामिंग हे माणसांनी माणसांसोबत करावयाचे काम आहे, आपला प्रोग्राम दुसऱ्याने वाचून चुका दाखवल्या तर तो आपला अपमान नव्हे, ही त्यातली शिकवण. पुढल्याच वर्षी, १९७२ च्या डिसेंबरात, टेक्सासमधील फोर्ट ब्लिस येथे अमेरिकन सैन्याची एक परिषद भरली. जी कामे यंत्राशी संबंधित नाहीत त्यांसाठी लागणाऱ्या कौशल्यांना तेथे 'सॉफ्ट स्किल्स' हे नाव चर्चिले गेले. रणगाडा चालवणे हे कठीण, कारण रणगाडा कठीण. माणसे चालवणे मऊ. ज्या शब्दावर आज वऱ्हाडातल्या मुलामुलींची पात्रता ठरते तो मूळचा लष्करी वर्गीकरणाचा शब्द आहे, आणि 'मऊ' याचा अर्थ सोपे असा तेव्हाही नव्हता.

भारतात हा शब्द पोहोचला तो सॉफ्टवेअरची निर्यात वाढल्यावर. टीसीएस १९६८ ची, इन्फोसिस पुण्यात १९८१ साली सुरू झालेली. परंतु नोकऱ्यांचा पूर आला तो इसवी सन २००० च्या संगणकीय अडचणीच्या आगेमागे. काम इथे, गिऱ्हाईक समुद्रापार, मध्ये टेलिफोन. त्या टेलिफोनवर जो बोलेल तो कंपनीचा चेहरा. भरतीच्या पायऱ्या ठरल्या : लेखी चाचणी, गटचर्चा, तांत्रिक मुलाखत, आणि शेवटी एचआर. २००५ साली नॅसकॉम व मॅकिन्से यांच्या अहवालाने भारतीय अभियंत्यांपैकी चारांतील एकच या कामास योग्य असल्याचे म्हटले, आणि उरलेल्या तिघांसाठी एक नवी बाजारपेठ उघडली. अमरावतीच्या ज्या गल्ल्यांत टायपिंगचे क्लास होते तेथे 'स्पोकन इंग्लिश'च्या पाट्या लागल्या.

या पायऱ्यांवर वऱ्हाडचा उमेदवार कोठे अडखळला, हे बारकाईने पाहावे. गटचर्चेत दहा जण एका विषयावर पंधरा मिनिटे बोलणार; जो लवकर आणि मोठ्याने बोलेल तो दिसणार. गावच्या बैठकीत याच वागण्याला उथळपणा म्हणतात. तेथे वडीलधारे आधी बोलतात, धाकट्याने विचारल्यावर बोलावयाचे असते. मग एचआरचा पहिला प्रश्न : 'तुमच्याविषयी सांगा.' ज्या संस्कृतीत स्वतःविषयी सांगणे म्हणजे बढाई, आणि ज्या भाषेत 'बायोडाटा' हा शब्द लग्नाच्या स्थळासाठीही तोच, तेथला मुलगा वडिलांचे नाव, गाव, भावंडे यांपासून सुरुवात करतो. त्याच्या दृष्टीने तो चुकत नाही. आपण कोणाचे कोण, हेच त्याच्याकडे माणसाचे पहिले उत्तर आहे.

नोकरी लागल्यावर अडचण संपत नाही. या कंपन्यांत वरिष्ठांना नुसत्या नावाने हाक मारण्याची रीत आहे. ज्याने आयुष्यात मोठ्या माणसाला भाऊ, दादा, काका, सर याविना हाक मारली नाही, त्याच्या जिभेला वीस वर्षांनी मोठ्या मनुष्याचे उघडे नाव जड जाते. तो मग हाकच मारत नाही, आणि 'हा संवाद साधत नाही' अशी नोंद होते. दुसरी अडचण नकाराची. काम शुक्रवारपर्यंत होईल का, असे विचारल्यावर वऱ्हाडी मनुष्य तोंडावर नाही म्हणत नाही. 'होऊन जाईल ना, भाऊ' हे त्याचे उत्तर. गावात या वाक्याचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो : प्रयत्न करतो, पण खात्री नाही, आणि तुमचे मन मोडत नाही. समुद्रापारच्या गिऱ्हाइकाला त्याचा एकच अर्थ कळतो : शुक्रवारी मिळणार. शुक्रवारी काम मिळत नाही तेव्हा एकाला ते असत्य वाटते आणि दुसऱ्याला आपल्या सौजन्याची किंमत कळली नाही असे वाटते. येथे मात्र आम्ही उमेदवाराची बाजू घेणार नाही. नेमका नकार वेळेवर देणे हे कामाचे कौशल्य आहे, वर्गाची खूण नव्हे. ते शिकावेच लागेल. त्याच्या उच्चाराचा मात्र या शुक्रवाराशी काही संबंध नाही.

वशिल्याचेही रूप बदलले, वशिला गेला नाही. कंपनीतील माणसाने ओळखीच्या उमेदवाराचे नाव सुचवावे, तो लागला तर सुचवणाऱ्यास बक्षीस, अशी 'रेफरल'ची पद्धत अनेक कंपन्यांत आहे. फारसी 'शिफारस' इंग्रजी होऊन प्रतिष्ठित झाली. ज्याच्या कुटुंबातला कोणी आत नाही, अशा पहिल्या पिढीला ते दार बंद. यावर वऱ्हाडच्या मुलांनी काढलेला उपाय आम्हांस पंजाबरावांच्या वसतिगृहाचा वारस वाटतो : पुण्यात आधी पोहोचलेल्या सीनिअरच्या खोलीवर उतरणे. तेथे गादी मिळते, मेसचा पत्ता मिळतो, कोणत्या कंपनीत काय विचारतात ते कळते, आणि पुढच्या वर्षी तीच खोली दुसऱ्या कोणास मिळते. लोकांशी वागता येत नाही असा शेरा मिळालेली मुले ही व्यवस्था लेखी नियमावाचून चालवतात.

आता साहित्याच्या शिक्षकाकडे येऊ, कारण हा इतिहास त्याच्या दारापर्यंत आलेला आहे. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांत 'कम्युनिकेशन स्किल्स' आले तेव्हा ते शिकवावयास शेक्सपिअर आणि हार्डी वाचून एम.ए. झालेले लोक नेमले गेले. अनेकांना हे पदावनतीसारखे वाटले. अर्थात हाती दिलेले साहित्यही तसेच होते : हस्तांदोलन कसे करावे, टाय कसा बांधावा, डोळ्यांत डोळे घालून कसे पाहावे. म्हणजे जी वर्गाची खूण म्हणून आम्ही वर सांगितली तीच नेमकी शिकवावयाची, आणि जे साहित्याच्या माणसाला खरोखर शिकवता येते ते वगळावयाचे. वास्तविक जे शिकवता येते त्याचे नमुने तिवसा आणि आसपासच्या परिसरात सातशे वर्षांपासून पडून आहेत.

पहिला नमुना पत्राचा. भागवताच्या दशम स्कंधात रुक्मिणी कृष्णाला संदेश पाठवते. परंपरा तिला कौंडिण्यपूरची मानते, आणि एकनाथांनी १५७१ साली 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिल्यापासून ही कथा मराठीच्या घरातली आहे. अवघे सात श्लोक. आपण कोण, तुम्हांलाच का निवडले, अडचण काय, कोणत्या दिवशी कोठे यावे, हे सारे त्यात आहे. वाचणाऱ्याच्या मनात येऊ शकणारा आक्षेपही तिने आधीच ओळखला आहे : अंतःपुरातून मला न्यावयाचे तर माझ्या आप्तांना मारावे लागेल. त्याचे उत्तर तीच देते. विवाहाच्या आदल्या दिवशी वधू नगराबाहेरच्या देवीच्या दर्शनास जाते, तेथे यावे. भक्तीचा भाग वेगळा ठेवून नुसती रचना पाहिली तरी, अर्ज कसा लिहावा याचा याहून नेटका धडा आमच्या पाहण्यात नाही. स्वस्तुतीने तो भरलेला नाही. वाचणाऱ्याच्या जागी उभे राहून लिहिलेला आहे.

दुसरा नमुना ऐकण्याचा. तिवशाच्या शेजारच्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर. तेथे तेराव्या शतकात म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांच्या साहाय्याने 'लीळाचरित्र' सिद्ध केले. म्हाइंभट विद्वान, परंपरा सांगते की विद्येचा गर्व असलेला. त्याने आयुष्यातले मोठे काम केले ते बोलून नव्हे, विचारून आणि ऐकून. ज्याने जे पाहिले ते त्याच्याकडून घ्यावयाचे, आणि ते त्याच्याच बोलीत ठेवावयाचे. पाठांत फरक पडला तर तो पुसून न टाकता 'वासना' म्हणून नोंदवण्याची शिस्त महानुभावांनी पुढे पाळली. ही खरी मुलाखत, मूळ अर्थाची. आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचे अर्धे काम हेच आहे. समजा, तालुक्याच्या बाजार समितीसाठी प्रोग्राम लिहावयाचा आहे. सचिव एक सांगेल, अडत्या दुसरे, मापारी तिसरे. आणि ओला कापूस आला म्हणजे प्रत्यक्षात काय होते ते काट्यावरचा हमाल सांगेल. ज्याला त्या हमालाला विचारण्याचे सुचत नाही, त्याची इंग्रजी कितीही अस्खलित असो, त्याचा प्रोग्राम पहिल्याच हंगामात बंद पडेल. २००१ साली सतरा प्रोग्रामरांनी 'अजाइल' नावाचा जो जाहीरनामा काढला, त्यात माणसे आणि त्यांचा परस्परसंवाद यांना प्रक्रिया आणि साधनांहून वरचे स्थान देण्यात आले. हमालाला विचारावे, हेच वेगळ्या शब्दांत.

तिसरा नमुना बोलण्याचा. मोझरीच्या गुरुकुंजात तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजने म्हटली आणि १९५५ साली 'ग्रामगीता' दिली; एकेचाळीस अध्यायांची. तिच्यात स्वच्छता, शेती, संघटना, भांडणतंटे, सारे गावाला कळेल अशा ओवीत आहे. कठीण गोष्ट अज्ञ माणसाला कमी न लेखता सांगणे, हे त्या ग्रंथाचे बळ. आपण काय बनवले हे व्यवस्थापकाला, गिऱ्हाइकाला, वापरणाऱ्याला तीन प्रकारे सांगावे लागणाऱ्या प्रोग्रामरला याच गुणाची गरज असते.

या परंपरेचा अभिमान धरला की काम झाले, असे मात्र नाही. रुक्मिणीचे पत्र आपल्या तालुक्यातून गेले, म्हणून तालुक्यातल्या मुलाला अर्ज लिहिता येतो असे होत नाही. इंग्रजीही हवीच; गिऱ्हाईक वऱ्हाडी शिकणार नाही. पण इंग्रजी ही साधनभाषा म्हणून शिकवणे आणि संस्कारहीनतेवरचा उपाय म्हणून शिकवणे, यांत मोठे अंतर आहे. पहिल्या पद्धतीने शिकणारा मुलगा आपल्या बोलीतले कौशल्य दुसऱ्या भाषेत नेतो. दुसऱ्या पद्धतीने शिकणारा आधी आपले कौशल्य टाकून देतो आणि मग रिकाम्या हाताने भाषा शिकू लागतो. उद्धव शेळके यांनी १९६० साली 'धग'मध्ये वऱ्हाडी बोलीला कादंबरीच्या संवादांत पूर्ण हक्काची जागा दिली. ती कादंबरी वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकानेच शेजारच्या वर्गात जाऊन मुलाला त्याची बोली लपवावयास सांगावे, ही विसंगती आपल्या व्यवसायात आहे आणि ती बोलून दाखवणे आवश्यक आहे.

आजची परिस्थिती या प्रश्नाला अधिक धार आणते. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएसची कर्मचारीसंख्या तेरा हजारांहून अधिक घटली. पूर ओसरला आहे. निर्दोष इंग्रजीतला अर्ज आता यंत्र क्षणात लिहून देते, आणि साधा प्रोग्रामही. वीस वर्षे ज्या सफाईसाठी वऱ्हाडच्या मुलांना नाकारले गेले ती सफाई आता फुकट मिळते. यंत्राला अद्याप बाजार समितीच्या काट्यावर जाऊन हमालाशेजारी बसता येत नाही, आणि 'होऊन जाईल ना, भाऊ' यातला नकार ऐकू येत नाही. तेव्हा उमेदवाराची परीक्षा बदलली पाहिजे, आणि ती बदलण्याआधी शिकवणे बदलले पाहिजे.

आमची सूचना साधी आहे, आणि तिला शासकीय आदेशाची गरज नाही. 'कम्युनिकेशन स्किल्स'चा तास ज्यांच्याकडे आहे त्यांनी मुलांना एक सत्र गावात पाठवावे. प्रत्येकाने आपापल्या गावातील एका माणसाचे काम, म्हणजे मापाऱ्याचे, आशा सेविकेचे, रेशन दुकानदाराचे, विचारून घ्यावे. आधी त्याच्या बोलीत जसेच्या तसे लिहावे, मग प्रमाण मराठीत, मग एका पानाच्या इंग्रजीत. तिन्ही मजकूर त्या माणसाला वाचून दाखवावेत आणि तो 'असं नाही जी' म्हणेल तेथे दुरुस्त करावेत. गुण द्यावयाचे ते या दुरुस्त्यांना.